चोवीस तास हात लावू नये

मोडलेली वस्तू पाहून ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लोकांच्या घरी नवी वस्तू आली की चार माणसं बघायला येतात; आमच्या घरी वस्तू फुटली की मामा येत. डिचोलीहून साखळीला, बसने, हातात काळी रेक्झिनची पिशवी घेऊन. त्यांना कोण कळवत असे देव जाणे. कपाची कड उडाल्याचा आवाज त्यांना तिथवर ऐकू जात असावा. दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न, "फुटलें म्हण आयकलें. कुडके सांबाळ्ळ्यात मूं?" तुकडे टाकून दिले असं म्हटलं, की घरात कोणी गेल्यासारखे ते खांब धरून खाली बसत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी एक तडकलेली साबणदाणी केराच्या टोपलीत टाकली होती. मामांनी ती बाहेर काढली, धुतली, उजेडात धरून पाहिली आणि बायकोला आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं, "जांवय शिकिल्लो मूं गो?" मी साखळीच्या हायस्कुलात मास्तर होतो. त्या दिवसापासून माझ्या शिक्षणाबद्दल त्यांच्या मनात जो संशय बसला तो शेवटपर्यंत गेला नाही.

मामा खाणीवरच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. लोखंडाच्या जमान्यात त्यांना काही किंमत नव्हती. गाडीचा बंपर वाकला तर घणाचे चार ठोके घालून सरळ करायचा. त्यात डोक्याला काम काय? मग गोव्याला घटकराज्य मिळालं. त्याचा आनंद ज्याला त्याला आपापल्या कारणाने झाला. मामांना झाला तो एवढ्यासाठी, की त्याच सुमारास आपल्याकडच्या रस्त्यांवर प्लॅस्टिकच्या बंपरांच्या गाड्या दिसू लागल्या. लोखंड वाकतं, प्लॅस्टिक तडकतं. मामांची वेळ आली होती. त्या वर्षांत मराठी की कोंकणी यावरून घराघरांत वाद चालत आणि वादाच्या भरात टेबलावर कप आपटले जात. मामांना दोन्ही पक्षांच्या घरी सारखाच मान होता, कारण आपटलेले कप दोन्ही पक्षांचे फुटत. त्यांचं स्वतःचं मत कोणी विचारलंच तर म्हणत, "खंयचीय करा, पूण गोंदाचे नळयेचेर बरयल्लें मनशाक वाचूंक येवंक जाय." त्या नळ्यांवरचा मजकूर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात आणि भलत्याच कुठल्या देशाच्या लिपीत असे. मामा तो भिंगातून तासन्तास बघत. कळत काही नसे, पण बघितल्याशिवाय नळी उघडणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

लोकांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात चिनी मातीची भांडी असतात. मामांच्या कपाटात गोंद होते. झटकन धरणारा एका थेंबाचा गोंद, त्याला ते 'उतावळा' म्हणत, कारण वस्तू चिकटायच्या आधी तो बोटं चिकटवतो. नळाच्या पायपांचा एक, चपलांचा एक, सुतारांचा पांढरा एक. आणि सगळ्यात वर, मानाच्या जागी, दोन नळ्यांचा तो, दोन्हीतला रस सारखा घेऊन घोटायचा आणि मग लावायचा. त्या दोन नळ्यांना मामा 'मेहूण' म्हणत आणि त्यातली एक जरी आधी संपली तरी उरलेलीकडे बघताना त्यांचा आवाज खाली येई. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. मामीच्या दागिन्यांच्या पेटीला कुलूप नव्हतं. शिवाय घरातले कपडे वाळत घालायचे सगळे लाकडी चिमटे कुठल्या ना कुठल्या सांध्याला लावलेले असत, त्यामुळे मामीची लुगडी दोरीवर नुसतीच टाकलेली आणि वारा आला की शेजाऱ्यांच्या केळीत. "म्हज्या संवसाराक चिमटो ना," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पण गोंद ही मामांच्या लेखी नंतरची गोष्ट. आधी प्लॅस्टिकची जात. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला तर आपण काही तोंडावर जात विचारत नाही. तेवढे आपण सुधारलेले आहोत. आपण विचारतो, "तुमी मूळचे खंयचे? कुळदेव खंयचो?" आणि चहा गार व्हायच्या आत हवं ते काढून घेतो. मामा प्लॅस्टिकलाही हेच विचारत. त्यांच्या मते प्लॅस्टिक माणसापेक्षा सरळ, आपली जात पाठीवर छापून घेऊन येतं. बंपर उलटा केला की आतल्या अंगाला बारीक इंग्रजी अक्षरं असतात. एबीएस म्हणजे मनमिळाऊ, चांगला गोंद दिला की धरतं. पीपी म्हणजे खानदानी. कुठलाही गोंद लावा, वरवर हसून बोलतं आणि दुसऱ्या दिवशी सुटतं. अक्षरं झिजलेली असली तर परीक्षा. एक कपची पाण्यात टाकायची. तरंगली तर पीपी, बुडाली तर दुसरं काही. तेवढ्याने खात्री पटली नाही तर कपची चिमट्यात धरून पेटवायची. काळाकुट्ट धूर आला तर एबीएस. मेणबत्तीसारखा वास आला आणि जळते थेंब टपटप गळायला लागले तर पीपी. या शास्त्रासाठी त्यांनी आमची बादली, माझा कंगवा आणि बायकोचा मिठाचा डबा यांच्या कडा ब्लेडने तासून नेल्या होत्या. त्यांच्या मुलीची, सुजाताची, नखांचं पॉलिश काढायच्या पाण्याची बाटलीही एकदा अशीच रिकामी झाली. एबीएस त्यात विरघळतं, हे तिला बापाने मोठ्या कौतुकाने दाखवलं.

माझी स्वतःची पाळी आली ती मी जुनी गाडी घेतली तेव्हा. साखळीच्या बाजारात एका बैलाने पुढच्या जाळीत शिंग घातलं आणि जाळीचे तीन तुकडे झाले. डिचोलीच्या गॅरेजात कोल्हापूरकडचा एक मिस्त्री होता, तो म्हणाला, "मास्तर, नवी बसवा की! हाय काय त्यात?" तेवढ्यात मामा हजर. मिस्त्र्याकडे त्यांनी असं पाहिलं की तो बिचारा मागच्या मागे दुसऱ्या गाडीखाली गेला. मग आमच्या पडवीवर दीड दिवस जाळीची सेवा चालली. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक. कडा पॉलिश पेपरने खरवडून खडबडीत. स्पिरिटने पुसणं, आणि पुसल्यावर बोट लावलं की पुन्हा पुसणं. मागून बारीक जाळीचा तुकडा. मग मेहूण घोटून लावलं, चौदा चिमटे लावले, वर फडकं बांधलं आणि मामांनी मला समोर उभं करून सांगितलं, "चोवीस वरां. हात लावचो न्हय. धरलां काय ना म्हूण पळोवंक गेल्यार तें धरिना. जोडाक मनशाचो दुबाव कळटा."

चोवीस वरां म्हणजे चोवीस तास, आणि दुबाव म्हणजे संशय. मी तीन तास कळ काढली. मग वाटलं, बघावं जरा, धरलं का. एकच बोट लावलं हो! तुकडा सुळकन सरकला आणि तसाच वाकडा बसला. मामांनी दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं, पाहिलं, आणि चिमटे मोजून पिशवीत टाकले. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बायकोला म्हणाले, "जांवयाक भुरगीं जातकच पालण्यांत घालून चोवीस वरां धरून दवर. ना जाल्यार दर घडये उठोवन पळयतलो." मुलं झाली तेव्हा मी खरंच त्यांना दर घटकेला उठवून बघत होतो.

आता खरी गोष्ट. सुजाता पणजीला सरकारी कचेरीत होती. तिच्या खालच्या मजल्यावर पेडण्याचा उदय होता. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. आता वडीलधाऱ्यांना ते त्यांनीच ठरवलं असं वाटायला लावणं एवढंच काम उरलं होतं, आणि त्या कामात मध्यस्थ म्हणून माझी नेमणूक झाली होती. उदयचे वडील, अण्णा, माडांचं आणि काजूंचं भाट, म्हणजे बागायत, असलेले, जुन्या वळणाचे. बकरी घ्यायची तरी देवीला विचारतील असे. पण माझ्या शब्दाला मान देऊन ते मुलगी बघायला आले, नव्या कोऱ्या गाडीतून. गाडी मामांच्या अंगणात थांबली आणि मी आधी मामा कुठे आहेत ते पाहिलं. पुढच्या बंपरला एक लांबलचक तडा होता आणि तो झाकायला त्याच्यावरून प्लॅस्टिकच्या फुलांची माळ बांधलेली. "गडग्याक लागलो," अण्णा कोणी न विचारताच दगडी कुंपणावर खापर फोडत म्हणाले आणि झपाझप घरात शिरले.

मी मामांना आत बसवलं, त्यांच्या शेजारी बसलो, त्यांच्या धोतराचं टोक माझ्या मांडीखाली घेतलं. पण शिरा आला, पोह्यांचे फोव आले, सुजाता चहा घेऊन आली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या तेवढ्या वेळात मामा नाहीसे. अण्णा नुकतेच म्हणत होते, "चली बरी आसा हां," आणि खिडकीतून मेणबत्तीचा वास आला. मी बाहेर धावलो. बंपरच्या आतली अक्षरं झिजलेली होती, म्हणून मामांनी ब्लेडने कपची काढून चिमट्यात धरून पेटवली होती, आणि जळता थेंब गळाला तो नेमका फुलांच्या माळेवर. माळ भडकली. अण्णा हातात शिऱ्याची बशी घेऊन पायरीवर आले तेव्हा त्यांचे होणारे व्याही त्यांच्या नव्या गाडीसमोर धोतराने जाळ विझवत होते. जाळ विझला. बंपरचा कोपरा तळहाताएवढा काळा पडला. मामा घामाघूम होऊन उठले आणि अत्यंत आनंदाने म्हणाले, "पीपी! म्हजो अदमास बरोबर जालो!"

अण्णांनी बशी कट्ट्यावर ठेवली. म्हणाले, "आमी देवीक विचारून कळयतले."

गोव्यात हे वाक्य ज्याला कळत नाही तो गोव्यातला नव्हे. नाही म्हणायचं असतं तेव्हा आपण देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. देवीचा कौल, म्हणजे प्रसाद, झाला नाही म्हटलं की कोणाचा अपमान होत नाही. मामांनाच तेवढं ते कळलं नाही. गाडी गेल्यावरही ते मेणाच्या वासाबद्दल बोलत होते. मामीने त्यांच्या जानव्याची किल्ली ओढून घेतली, कपाटाला दुसरं कुलूप घातलं आणि दिवसभर अबोला. सुजाता मात्र रडली नाही, ओरडली नाही. चहाचे कप आत नेता नेता बापासमोर थांबली आणि म्हणाली, "बाबा, सगळ्या गांवाचें तुमी सांदलें. म्हजेंच मेळ्ळें तुमकां मोडूंक?" मामांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या एका वाक्याने पुसला गेला. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच रिकाम्या हाताने बसले होते, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांचा राग आला होता, खूप राग आला होता, पण ते हात बघवले नाहीत.

अण्णा प्रसाद लावणार तो रविवार उदयने सुजाताला कळवला आणि तिने मला. "भावोजी, बाबांक हाडूं नाकात हां," तिने बजावलं. पण रविवारी सकाळी सात वाजता मामा माझ्या गाडीत बसलेले होते, धुतलेलं धोतर, मांडीवर काळी पिशवी. मामीने कपाटाचं कुलूप स्वतःच उघडून दिलं होतं म्हणे. "कित्याक?" मी विचारलं. "तिका विचार," मामा म्हणाले आणि पेडण्यापर्यंत पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रसाद म्हणजे पिटकोळीच्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. आम्हाला मागे उभे पाहून अण्णांच्या कपाळावर आठी चढली, पण देवळात कोणाला चल म्हणता येत नाही. अर्धा तास झाला. तास झाला. पाकळ्या आपल्या जागी. शेवटी गुरव म्हणाला, "देवी उगी रावल्या." अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला. देवीचं मौन म्हणजे आणखी सभ्य नकार. ते उठायला लागले, तोच मागून मामांचा आवाज आला, "उठूं नाकात. एका वरांत खंय निकाल लायतात? पाणी सुकूंक जाय."

गुरवाने मामांकडे असं काही पाहिलं की मला गाभाऱ्यातली समई हातात घेऊन पळावंसं वाटलं. पण पंचाईत अशी, की मामा चिकटण्याच्या शास्त्राप्रमाणे बोलले ते देवळाच्या शास्त्राप्रमाणेही खरं होतं. प्रसाद अंगावर असताना विचारणाऱ्याने उठून जाणं बरं नव्हे. अण्णा पुन्हा बसले. मामा त्यांच्या शेजारी बसले. दोन वडीलधारे देवीकडे तोंड करून, एकमेकांकडे न बघता, मंडपातल्या गार फरशीवर. दहा मिनिटं मामा गप्प होते, त्यांच्या आयुष्यातला हा विक्रम असावा. मग हळूच म्हणाले, "तो गडगो न्हय."

"कितें?" अण्णा दचकले.

"बंपराचो तडो. गडग्याक लागल्यार तडो आडवो वता. हो वयल्यान सकयल देंवला. कोणेंतरी वयल्यान मारलां." मामांनी हवेत बोट वरून खाली ओढून दाखवलं.

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी गुरव ऐकत नाही ना ते पाहिलं. मग शाळेतल्या मुलासारखे खाली मान घालून म्हणाले, "नाल्ल फोडलो." गाडी आणली त्या दिवशी पूजेला देवळासमोर उभी केली. अण्णांकडे पूर्वी जीप होती आणि जीपच्या बंपरवर ते दर दसऱ्याला नारळ फोडत. त्याच सवयीने, त्याच जोराने, नव्या गाडीच्या बंपरवर देवीचं नाव घेऊन घातला. नारळ फुटला नाही, बंपर फुटला. नारळ उडून गटारात गेला. देवीच्या दारात असा अपशकुन! त्या दिवसापासून त्यांनी घरातही खरं सांगितलं नव्हतं. गावात कळू नये म्हणून डिचोलीच्या गॅरेजात उतावळा गोंद तीनदा लावून घेतला, तीनदा सुटला. नवा बंपर घालावा तर देवीसमोरची पूजा झाली ती याची, नव्याची नव्हे. आणि वर मुलगी बघायला गेले तर तिथेही तोच बंपर पेटला. "देवी रागार आसा म्हज्याचेर," अण्णा म्हणाले.

मला हसू आवरेना, म्हणून मी खांबाकडे तोंड केलं. मामा हसले नाहीत. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "नाल्ल मदीं मारलो काय कोनशाक?" आणि उत्तर मिळाल्यावर म्हणाले, "देवी रागार ना. पीपी तें. लोखणाची संवय आमची, तुमचीय आनी म्हजीय. तुमी फोडलो, हांवें लासलो." पिशवी उघडून त्यांनी मेहुणाच्या दोन नळ्या फरशीवर ठेवल्या. पीपीला सरळ कुठलाही गोंद धरत नाही, हे त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं. आधी त्याच्या अंगावरून आगीचा हात फिरवावा लागतो, नुसता स्पर्श, जळता कामा नये, मगच ते दुसऱ्याला जवळ करतं. म्हणजे मामांना हे ठाऊक होतं, आणि त्या दिवशी त्यांना करायचं होतं तेही हेच, फक्त बघण्याच्या कार्यक्रमात करायचं नसतं इतकं भान त्यांच्याकडे नव्हतं.

मग, आवार सोडलं नाही म्हणजे उठून जाणं झालं नाही अशी अण्णांनी समजूत करून घेतल्यावर, देवळाच्या आवारात, फणसाच्या सावलीत, बंपर उतरवला गेला. मी स्क्रू काढले. मामांनी तड्याच्या टोकाला भोक पाडलं, कडा खरवडल्या, पुसल्या, स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत त्यावरून तीनदा अलगद फिरवली. गोंद घोटून मागून जाळी बसवली. अण्णांनी दोन्ही हातांनी कडा जुळवून धरल्या. त्यांचा हात जरा हलला की मामा त्यांच्यावर खेकसत, "धर मरे, बरो धर!" आणि पेडण्यात ज्यांना कोणी अहोजाहोशिवाय बोलत नाही ते अण्णा निमूट धरत. तेवढ्याने भागेना, तिसरा हात हवा झाला, तर गुरव सोवळं सावरत आला आणि खाली बसून जाळी दाबू लागला. बावीस चिमटे लागले. मामांनी शेवटचा लावला, मागे सरकून पाहिलं, आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "चोवीस वरां. हात लावचो न्हय."

तेव्हा कुठे गुरवाला देवी आठवली.

आम्ही चौघे आत धावलो. दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी कुठली पडली, कोणी पाहिलं नव्हतं. पिढ्यान्पिढ्या त्या देवळात प्रसाद लागत आला होता, पण प्रसाद सुटताना गुरवासकट सगळे बाहेर बंपर धरून बसलेत, असं कधी घडलं नसावं. गुरव पांढरा पडला. अण्णांनी मामांकडे वळून विचारलं, "तुमी पळयलें? तुमी मदीं एकदां आयिल्ले मूं, पाणी पियेवंक?"

खरंच, मामा मध्ये एकदा आत येऊन तांब्यातलं पाणी पिऊन गेले होते. एक शब्द बोलायचा होता, उजवी. सुजाताचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर टांगलेलं होतं आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हणा हो मामा, म्हणा! मामांनी पाकळ्यांकडे पाहिलं. अंगठ्याला लागलेला गोंद धोतराला पुसला. "ना," ते म्हणाले. "हांव आयलों तेन्ना दोनूय वयर आशिल्ल्यो. मागीर कितें जालें, हांवें पळोवंक ना."

मी डोळे मिटले. सत्यवादी राजाचा अवतार या माणसाला आजच घ्यायचा होता! अण्णा दाराशी गेले, आणि फणसाखालच्या त्या बावीस चिमटे लावलेल्या बंपरकडे बघत राहिले. परत आले ते गुरवाला म्हणाले, "उजवी."

"तुमी पळयली?" गुरवाने विचारलं.

"देवीन आमकां सगळ्यांक भायर धाडले तें कित्याक?" अण्णा म्हणाले. "उजवीच. घे, नाल्ल फोड. फातराचेर."

लग्न झालं. बंपर धरला, इतका धरला, की पुढे गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला तडा दाखवावा लागला. मुलीची पाठवणी होताना सगळे रडत होते आणि मामा गाडीपुढे उकिडवे बसून सांधा तपासत होते, म्हणून मामीने त्यांना तिथेही बोल लावले. गाडी सुरू झाली तेव्हा ते उठले आणि खिडकीतून एक कापडी पिशवी सुजाताच्या मांडीवर टाकली. घरातले सगळे चिमटे होते त्यात. एकही मागे ठेवला नव्हता.

त्यानंतर मामा मुलीच्या घरी गेलेच नाहीत. एक महिना झाला, दोन झाले. मामी जाऊन आली, आम्ही जाऊन आलो, अण्णांचे दोन निरोप आले. मामांचं ठरलेलं, "वर्कशॉपांत काम आसा," किंवा "पांयांत दूख." काळीज नाही या माणसाला, मामी म्हणायची, गोंद भरलाय छातीत. मलाही तसंच वाटू लागलं होतं. मग एका शुक्रवारी शाळेच्या कामासाठी मी पेडण्याला गेलो होतो, आणि अण्णांच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, वळणाच्या अलीकडे, एका फणसाखाली मामा उभे. हातात पिशवी नव्हती. मला पाहून चोरी पकडल्यासारखे झाले.

"बंपर पळोवंक आयिल्लों," ते म्हणाले.

"मग चला की घरात! मी तिकडेच चाललोय."

"ना, ना. हांगासून दिसता." त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "जांवय, तुमी एक बोट लायिल्लें, याद आसा मूं? इतल्यांत आमी गेले, जेवले, बसले, तिचें तोंड पळयलें, दुबाव घेतलो, जाल्यार तिका थंय धरूंक वेळ मेळचो ना. थोडे दीस वचूंक दियात." आणि डिचोलीची बस आली तशी ते चढले. खिडकीपाशी बसले, पण मागे वळून पाहिलं नाही.

मी तसाच अण्णांच्या घरी गेलो. सुजाता अंगणात होती. काय सांगावं, कसं सांगावं, मी विचार करत होतो, तर तिनेच विचारलं, "गेले बाबा?"

"तुला माहीत आहे?"

"दर शुक्रवारीं येतात. अर्द वर रावतात आनी वतात." ती हसली, पण डोळे भरले होते. "हांव हाक मारिना. हाक मारल्यार येवचे नात मागीर. म्हूण शुक्रवारीं ते वेळार हांव भायर कपडे सुकत घालतां. तितलेंच दिसूं तांकां."

दोरीवरचे कपडे कधीच वाळले होते. ती एकेक चिमटा काढत होती, कपडा झटकत होती, आणि तोच कपडा पुन्हा दोरीवर घालून तोच चिमटा पुन्हा लावत होती. बस गेली होती तरी तिचे हात थांबले नव्हते.